सुकटीचा आळ

डॉक्टरांचा कागद फ्रिजवर चिकटला आणि हेंद्रेपाड्यातल्या त्या घरात मोतीबाईचा अंमल सुरू झाला. तिच्या नवऱ्याचं, जनूचं, वर्षभर कशातच मन लागत नव्हतं. दोन गोळ्या बदलून झाल्या, गुण आला नाही, म्हणून उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंनी जुन्या पद्धतीची एक जालीम गोळी दिली आणि सोबत पथ्याचा कागद. सून जिज्ञासाने तो मोठ्याने वाचला: सुकी मासळी नाही, मुरवलेलं-आंबवलेलं नाही, आणि विचारल्याशिवाय कुठलंही चूर्ण, कुठलाही काढा नाही.

आगऱ्याच्या घरात सुकी मासळी नाही! पण मोतीबाई हटली नाही. सुकट, जवळा, बोंबील सगळं कपाटात कोंबून तिने कुलूप ठोकलं, किल्ली मंगळसूत्राला अडकवली आणि आळीला दम भरला, "आमच्या म्हाताऱ्याला कोनी सुकट दिलीत तर याद राखा."

चूर्णाचं मात्र जरा वेगळं झालं. तिची बहीण बनूबाई बुवापाड्याहून आली आणि खाजकुयलीच्या बियांची पिशवीभर पावडर देऊन गेली. "चार दिसांत मानूस टवटवीत होतो बघ," म्हणाली. आता सख्ख्या बहिणीने घरी दळलेली वस्तू, तिला चूर्ण कसं म्हणायचं? चूर्णाला डबी असते, लेबल असतं. ही तर झाडाची बी. जनूने "मना नको" म्हणून तोंड फिरवलं, तेव्हा मोतीबाईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पिठात चिमूटभर पावडर टाकून तिने भाकरी थापली. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मोतीबाईचा हात सैल सुटला आणि मूठभर पावडर पिठात गेली.

तिला फक्त तो एकदा हसलेला बघायचा होता. वर्षभर घरात त्याचं हसू ऐकू आलं नव्हतं, आणि हे ती कोणापाशी बोलली नव्हती.

त्याच दुपारी जेवून उठताना जनूने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. मान आखडली, छाती धडधडू लागली, कपाळावर घाम. मुलगा आनंदनगरला ड्युटीवर, म्हणून सासू-सुनेने त्याला रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

"काय खाल्लं यांनी?" यंत्रावरचा रक्तदाब बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सुकट! दुसरा काय? चोरून खाल्ली!" मोतीबाई गरजली.

"देवाशपथ नाय खाल्ली," जनू कण्हला.

"मंग कुलपावर ओरखडे कसले?"

"खटपट केली. पन उघडला नाय."

खाटेला खिळलेल्या माणसाची अब्रू अशी अख्ख्या वॉर्डात निघाली. जिज्ञासाने तोंडाला ओढणी लावली.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "मावशी, आणखी काही पोटात गेलं असेल तर आत्ता सांगा. इलाज त्यावर ठरणार आहे. उशीर झाला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो."

मोतीबाईने जिज्ञासाकडे पाहिलं. याच सुनेला ती रोज पथ्य शिकवत होती. मग जनूकडे पाहिलं. त्याच्या मानेची शीर टपटप उडत होती.

"भाकरीत," ती म्हणाली. "खाजकुयलीची पावडर. मीच मलली. यांना ठाव नाय."

"ही गोळी शरीरातलं एक एन्झाइम अडवते," डॉक्टरीणबाई सलाईन लावता लावता म्हणाल्या. "त्या बियांत जे असतं ते मग नीट मोडलं जात नाही, रक्तदाब भडकतो. घरी दळली म्हणून ती काही निराळी होत नाही."

दोन तासांनी आकडा खाली आला. मोतीबाई खाटेशी मान खाली घालून उभी होती. जनू तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

"म्हंजी मी तीन दिस कुलूप खरवडून मेलो," तो सावकाश म्हणाला, "आन तू मना भाकरीतून पावडर घालत होतीस?"

"बोला काय बोलायचा ते."

"चोर म्हनलीस मना. सगल्यांसमोर."

आणि जनूचं पोट हलू लागलं. आधी नाकातून फुस्स आवाज आला, मग तो असा खदाखदा हसला की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. सिस्टर धावत आली. "काका, शांत पडा! मावशी, सांगा ना यांना!"

मोतीबाईने पदराने डोळे पुसले आणि सिस्टरचा हात धरला.

"हसू दे गो बाय," ती म्हणाली. "वरीस झाला, ऐकला नवता."