लावून पाहिलेला बल्ब

मुक्ताबाईंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि नवऱ्याच्या फटफटीवर पुन्हा बसणार नाही, असं त्यांनी साफ सांगून टाकलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी दिवेलागणीला, बेलापूरच्या रस्त्यावर, आसारामची फटफटी उसाच्या बैलगाडीवर मागून आदळली होती. 'ऐन वेळी दिवा गेला,' असं आसाराम भेटेल त्याला सांगत होता. बाई शाळामास्तरीण. आता त्या एस.टी.त उभ्याने जायच्या आणि डाव्या हाताने फळ्यावर लिहायच्या. ते आसारामला बघवेना.

म्हणून रविवारी तो श्रीरामपूरला बन्सीच्या दुकानात गेला. बन्सीकडे सगळा ट्रॅक्टर-ट्रकचा माल. त्याने शोधून शोधून तीन बल्ब पुढ्यात मांडले. सहा व्होल्ट काय, बारा व्होल्ट काय, पंचवीस वॅट काय आणि पस्तीस काय! कारखान्यावर उसाची वजनं बिनचूक टिपून घेणारा आसाराम इथे पार चक्रावला.

"ह्यातला दगा न देनारा कंचा?" त्याने विचारलं.

"फटफटीचं मला लई कळत न्हाई," बन्सी म्हणाला. "लावून बघू की."

आमच्याकडे मडकं घेतलं तरी वाजवून घेतात, मग बल्ब कसा सोडतील? बन्सीने ट्रॅक्टरची बॅटरी पुढे ओढली. पहिला बल्ब लख्खकन पेटला आणि मेला. दुसऱ्याचीही तीच गत. तिसरा मात्र डोळे दिपवत जळत राहिला.

"हाच बांध!" आसाराम खूश होऊन म्हणाला.

घरी येऊन त्याने बल्ब बसवला, फटफटी चालू केली. काचेआड विडीच्या टोकाएवढा तांबडा ठिपका उमटला. त्याने बल्ब काढला, सदऱ्याला पुसला, फुंकर मारली, परत बसवला. ठिपका तो ठिपकाच. दुकानात सूर्यासारखा तळपणारा बल्ब घरी येऊन असा का रुसावा, हे त्याला काही केल्या कळेना.

मुक्ताबाई बाहेर आल्या. वाकून त्यांनी आधी बॅटरीवरचा आकडा वाचला, मग बल्ब काढायला लावून त्याच्या बुडावरचा.

"बॅटरी सहाची, बल्ब बाराचा. पेटंल कसा?"

"आगं, पन सहाचे तर दुकानात ट्रॅक्टरच्या बॅटरीवरच मेले!"

"ट्रॅक्टरची बॅटरी बाराची. तिला लावल्यावर मरतील न्हाई तर काय!"

आसाराम खजील झाला. "उद्या सहाचा आनतो. मंग तरी बसशील ना मागं? दिवा परत जायचा न्हाई."

मुक्ताबाईंनी मान हलवली.

"अहो, दिवा गेलाच नव्हता. आपटल्यावर गेला तो. त्याच्या आधी गाडीतला ऊस मला चांगला दिसत हुता. तुमी मान मागं वळवून, सायबांनी तुमची पाठ कशी थोपटली ते सांगत हुता."

आसाराम आठवू लागला. साहेबांचा शब्द न् शब्द आठवत होता. रस्ता मात्र काही केल्या आठवेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग तू कुनाला बोलली कशी न्हाईस?"

"तुमीच खरं बोलाल म्हनून थांबले हुते," मुक्ताबाई म्हणाल्या.