हेमाचं माप

गणपतीत लेझीम खेळायची तर सगळ्यांच्या नऊवारी एकसारख्या हव्यात, हा हट्ट वृषालीचा. कोलकात्यात नऊवारी शिवून देणारा शिंपी मिळणं मुश्कील. मग सॉल्ट लेकच्या मॉलमधलं एक दुकान सापडलं. पडद्यामागे उभं राहायचं, मशीन अंगाभोवती फिरून माप घेणार, साडी-ब्लाऊज अंगावर नेमकं बसणार. मराठी मंडळातल्या बायका हरखल्या. एकटी हेमा अडून बसली.

"आमच्या बेहाला भागात, घराजवळच माझे शिंपी मास्टर आहेत. जुन्या ब्लाऊजवरून माप घेतात. मी त्यांच्याकडूनच शिवून घेईन."

"त्यांनी काष्टा बघितलाय का कधी?" वृषाली म्हणाली. "आधारला बोटं दिलीस, डोळे दिलेस. आता कमरेचं काय एवढं सोवळं? या वयात कोण बघणार आहे आपल्याकडे?"

सगळ्या हसल्या. हेमाही हसली. एरवी शब्दाला शब्द देणारी हेमा या वेळी नुसतं 'बरं, येते' म्हणाली. आपण जिंकलो, एवढाच अर्थ वृषालीने काढला.

दुकानातल्या मुलीने प्रत्येकीला अंगाला चिकटणारा पातळ पोशाख दिला आणि आत पॅडचं काही नको, माप चुकतं, असं बजावलं. हेमा पडद्याशी थबकली.

"वृषाली, मशीन काढतं ते चित्र कोण बघतं गं?"

"कोणी नाही. मशीन."

हे वृषालीने दुकानात कुणाला विचारलेलं नव्हतं. गटाला सवलत होती, म्हणून सगळ्यांची नावं तिने स्वतःच्या नंबरवर नोंदवली होती. अटींचं पान आलं तेव्हा न वाचता, सगळ्यांच्या वतीने 'मान्य' दाबून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात दुकानाची लिंक आली. मापं तपासून कळवा. आकडे असतील, अशा समजुतीने वृषालीने ती लेझीमच्या ग्रुपवर टाकली आणि आमटीला फोडणी द्यायला गेली.

फोन वाजला. मंडळातली सगळ्यात धाकटी, रुचा.

"काकू, ती लिंक काढा! आधी काढा!"

"अगं, झालं काय?"

"काढा फक्त."

वृषालीने लिंक उघडली. करड्या, चेहरा नसलेल्या बायका एकामागून एक गोल फिरत होत्या आणि प्रत्येकीखाली नाव होतं. हेमाच्या आकृतीला डावा स्तन नव्हता.

मागे एकदा आईच्या आजारपणाचं सांगून हेमा पुण्याला गेली होती. बऱ्याच महिन्यांनी परतली ती केस बारीक कापून. "काय गं, फॅशन?" म्हणून वृषालीनेच चिडवलं होतं.

तिने लिंक काढली. तोवर जवळजवळ सगळ्यांनी पाहिली होती. आमटी तशीच टाकून ती बेहालाला हेमाच्या घरी गेली.

हेमाने दार उघडलं. डोळे कोरडे होते.

"हेमा, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"कुणालाच माहीत नव्हतं. तेवढंच तर हवं होतं मला." हेमाने पाण्याचा पेला पुढे केला. "सगळ्यांचे फोन येऊन गेले. कोणी काही विचारलं नाही. मंजुषा डबा पाठवते म्हणाली. मंजुषा! जी साधं विरजण देताना कुरकुरते."

वृषालीला हसू आलं आणि लगेच मावळलं.

"मी सांगितलं असतं तर तेव्हाच डबे आले असते," हेमा म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं."

पुढच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तालमीला हेमा येईल असं वृषालीला वाटलं नव्हतं. ती आली, नेहमीसारखी पहिल्या रांगेत उभी राहिली. मंजुषाने कुणी न सांगता तिच्यामागे खुर्ची आणून ठेवली.

ढोलकी सुरू झाली. तिसऱ्या आवर्तनाला हेमाचं पाऊल चुकलं. एरवी अशा वेळी हॉल दणाणायचा. 'पाय घरी ठेवून आलीस का गं?' म्हणून तिच्यावर सगळ्या तुटून पडायच्या आणि तीही प्रत्येकीला पुरून उरायची.

"असू दे, असू दे," मंजुषा हळुवार म्हणाली. "बस हवं तर."

हेमा बसली नाही. तिने पुन्हा पाऊल चुकवलं. या वेळी मुद्दाम, हे वृषालीला स्पष्ट दिसलं. आणि मग हेमाने वळून थेट तिच्याकडे पाहिलं.

टोमणा वृषालीच्या जिभेवर होता. तिने तोंडही उघडलं.

"दमलीस का गं?" ती म्हणाली.

हेमाने लेझीम खाली ठेवली आणि खुर्चीवर जाऊन बसली.