तिसऱ्या मजल्याची यादी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. विटांचा नव्हे की मेणबत्त्यांचाही नव्हे, संगणकाच्या पानाचा. एका रुग्णालयातल्या औषधांची यादी माझ्यातून निघते. मी रकाने आखतो आणि माहिती जागच्या जागी बसवतो. रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारा, यादी त्या क्रमाने लागलीच समजा. 'मुदत'वर मारली, तर आधी संपणारी बाटली सर्वांत वर येते. स्वतःची टिमकी वाजवू नये, पण हे काम मला झकास जमते.

मला घडवले एका प्रोग्रामर ताईने, तळमजल्याच्या औषधकोठीसाठी. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केले. मग तिसऱ्या मजल्याच्या कोठीलाही तसेच पान हवेसे झाले. ताई घाईत होती. तिने माझी नक्कल उतरवली, वरच्या कोपऱ्यातले मजल्याचे नाव बदलले आणि हात झटकले. मथळ्यांमागचे दुवे मात्र जुनेच राहिले. नकलेवर टिचकी मारणारा गुपचूप माझ्या, म्हणजे तळमजल्याच्या पानावर येऊन पोचे.

तिसऱ्या मजल्याची कोठी एक काका सांभाळत. त्यांच्या निवृत्तीला वर्षच उरले होते. दर सोमवारी ते 'मुदत'वर टिचकी मारत आणि चष्मा पुसून यादी वाचत. औषधे दोन्हीकडे तीच, पानाचे रूपही तेच. बिचारे खालच्या कोठीची यादी वाचून निर्धास्त होत. अखेर एका नर्सच्या हाती मुदत उलटलेली बाटली आली. तिने वेळीच पाहिले म्हणून निभावले, पण ठपका काकांवर आला. त्यांना आता नीट दिसत नाही, कोठी दुसऱ्याकडे द्या, असे मोठ्या डॉक्टरांनी ठरवले. मला सगळे ठाऊक होते, पण सांगायला तोंड नव्हते. फार वाईट वाटले.

किल्ल्या देण्याआधी काकांनी ताईला वर बोलावले.

"मी काय करतो ते एकदा बघ, पोरी. मग किल्ल्या देतो."

त्यांनी टिचकी मारली. ताईची नजर कोपऱ्यावर गेली. तिसऱ्या मजल्याचा तळमजला झाला होता. 

ती काकांना घेऊन तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली. सबबी सांगत बसली नाही.

"काकांचे डोळे ठणठणीत आहेत. चूक माझी आहे."

किल्ल्या काकांच्याच खिशात राहिल्या.

मग ताईने ती नक्कल पुसून टाकली आणि दोन्ही मजल्यांसाठी मला एकट्यालाच ठेवले. आता माझे दुवे एकाच कोठीला बांधलेले नाहीत. मी कोणत्या कोठीच्या पानावर आहे ते आधी बघतो आणि यादी तिथल्या तिथे लावतो. त्याच मथळ्यावर पुन्हा टिचकी मारली, तर क्रम उलटाही करून देतो. आज नऊ कोठ्या माझ्यावर चालतात. मला एकदा दुरुस्त केले की नऊच्या नऊ कोठ्यांचे काम होते.

तेव्हा मित्रांनो, माझ्या नकला काढत सुटू नका. गरज पडली की मलाच बोलवा, मी थकत नाही. फक्त मी कुणाच्या दारात उभा आहे, एवढे सांगायला विसरू नका. काका अजूनही दर सोमवारी टिचकी मारली की आधी कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवतात. मला त्याचा राग येत नाही. त्यांच्या बोटाखाली मी दर वेळी तिसराच मजला दाखवतो.