धार नसलेली तलवार

"आजा, ही कापतच नाही की!"

नंदितानं लिंबावर तलवार दाबून धरली होती. लिंबू निसटून तिण्णैच्या, दारच्या ओट्याच्या, पायरीवरून अंगणात घरंगळलं.

पूजेची समई घासता घासता रघोजींनी चिंचेचा हात धोतराला पुसला. पणजोबांची ही तलवार असायची पापनाशमला, धाकट्या भावाच्या, शेषगिरीच्या घरी. आयुधपूजेला म्यानावरच गंध-फूल वाहायची रीत. म्यानातून ती कुणी काढलीच नव्हती. यंदा शेषगिरीनं ती इथं तंजावरला आणली, रघोजींच्या पुस्तकावर फोटो हवा म्हणून.

रघोजींनी पात्यावरून बोट फिरवलं. दोन्ही कडा गोल. मुठीला घुंगरांच्या कड्या.

"पालखीपुढं मिरवायची आहे ही," ते म्हणाले.

"गंजून गेली असेल धार, अण्णा."

"गंज कुठं आहे, शेषू? धार लावलीच नाही कधी."

"मग राहू दे. तुझं पणजोबांच्या लढाईचं पान मात्र तसंच ठेव. त्या पानासाठी तर छापायला निघालोत अस्के, सगळं घर. पालखीपुढं चालणाऱ्याचं पुस्तक कोण वाचणार? व्याह्यांना काय सांगू मी?"

"सांगा, पाय दुखेपर्यंत चालले आमचे पणजे!" आतून वसुमतीबाई बोलल्या.

"वहिनी, तुम्ही सुंडलाचे हरभरे शिजले का बघा!"

जन्मभर शाळेत इतिहास शिकवून झाल्यावर रघोजी हे पुस्तक लिहीत होते. भाषा मराठी, अक्षरं तमिळ, कारण घरातल्या मुलांना देवनागरी येत नव्हती. लढाईचं पान सगळ्यांत देखणं उतरलं होतं. नंदिताला ते तोंडपाठ होतं.

"मग आपल्यात शूर कोणीच नव्हतं?" तिनं विचारलं.

रघोजींनी पेन उचललं. आज आयुधपूजा; दिवा लागला की पेन पूजेत जाणार, उद्यापर्यंत लिहायचं नाही. त्यांनी लढाईच्या पानावर वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. मग कोरा कागद घेऊन ते लिहू लागले.

शेषगिरी बघत राहिला. "सरी, बरं. छापखान्याला सांगतो, नको म्हणून." तलवार म्यानात घालून त्यानं संध्याकाळची बस धरली.

पूजेच्या पाटावर वसुमतीबाईंची विळी राहिली, नंदिताच्या सायकलची किल्ली, आणि रेशमी वस्त्राखाली पेन नि कागद.

विजयादशमीच्या सकाळी पूजेतलं काहीतरी काढून वाचायचं असतं. नंदितानं शाळेचं पुस्तक बाजूला सारून आजोबांचे कागद ओढले. तमिळ हेल काढत ती वाचू लागली :

"आमच्या पणजोबांच्या तलवारीला धार नव्हती. ती घेऊन ते पालखीपुढे चालत. उन्हात चालत, पावसात चालत. ते शूर होते की नाही, मला ठाऊक नाही."

ती थांबली.

"पुढं वाच गं, कण्णा, माझ्या बाळा," वसुमतीबाई म्हणाल्या.

"पुढं कोरं आहे."

रघोजी पेनावरचं वाळलेलं गंध नखानं खरवडत होते. टोपण निघत नव्हतं. त्यांनी ते पुन्हा, हळूच, फिरवलं.