डिकीचा पंप

मिस्त्रीच्या कपाटात, खालच्या खणात, एका जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला वॉटर पंप होता. ज्या माणसाचा जीव त्या पंपात अडकला होता तो दर रविवारी सकाळी मिस्त्रीला फोन करायचा आणि विचारायचा, "मिळाला का रे?" मिस्त्री म्हणायचा, "नाही बाबा. बघतोय."

आता लगेच मिस्त्रीला चोर ठरवू नका. पंप त्याने रीतसर मिळवला होता, एका भंगारवाल्याला हेडलाइटच्या दोन रिंगा देऊन. जुन्या गाड्यांच्या धंद्यात असंच चालतं, माझ्याकडचं तुला, तुझ्याकडचं मला. आणि मिळवलाही होता तो फोन करणाऱ्या त्या डिकीसाठीच. आणल्या आणल्या त्याने तो खोलला, कारण मळका पार्ट घरात ठेवणं त्याला जमायचंच नाही. पंप धुतला, घासला, लेथवाल्या काकांकडे नेऊन नवा शाफ्ट आणि बुश बसवून घेतले. रविवारी डिकीला सांगायचं आणि त्याची तारांबळ ऐकायची, असा बेत होता.

रविवार उजाडला. फोन वाजला. डिकीने पंपाचं विचारलं, मग नेहमीसारखा तासभर बोलत बसला. गाडीचं, गुडघ्याचं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं. मधेच वहिनींनी फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला पंप सापडेपर्यंत मी म्हातारी होईन हो." मिस्त्री हसला. सांगायचं ओठांवर आलं होतं. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण सांगितलंच नाही.

का नाही सांगितलं? खोटं कशाला बोला, एकटा माणूस होता. लग्न झालं नाही, बहीण आपल्या संसारात गुरफटलेली. गॅरेजमध्ये दिवसभर माणसं यायची, पण ती कार्बोरेटरशी बोलायची, मिस्त्रीशी नाही. आणि या धंद्यातली दोस्ती त्याने पुरती ओळखली होती. काचेच्या पट्टीसाठी वर्षभर जीव काढणारा तो शिक्षक, दरवाजाच्या कडीसाठी गळ्यात गळा घालणारा तो दुकानदार. पार्ट हातात पडला आणि दोघेही असे गायब झाले की पुन्हा फोन म्हणून नाही. डिकीची गाडी पूर्ण झाली की रविवार रिकामा होणार, या विचाराने त्याची पाचावर धारण बसली. म्हणून पुढच्या रविवारी सांगू, असं ठरलं. पुढचा रविवार काय, येतच राहतो.

डिकीला डिकी म्हणायचे कारण तो शेजारच्या गल्लीत गेला तरी डिकीत जॅक, दोरी, पाण्याचा कॅन आणि अर्धं किचन घेऊन जायचा. गाडी मात्र त्याची नव्हतीच. ती वहिनींच्या वडिलांची. वहिनी त्या गाडीवर चालवायला शिकल्या होत्या, आणि ती उभी राहिली की स्वतः चालवत डोंगरापलीकडे माहेरच्या घरी जायचं, हे त्यांनी कधीचं ठरवून टाकलं होतं. इंजिन झालं, ब्रेक झाले, सीटा झाल्या, घोडं अडलं ते पंपाशी. जुन्या पंपाचं बिडाचं कवच तडकलेलं, वेल्डिंग टिकेना. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी जायची आणि तिथे वाफा सोडत उभी राहायची. वहिनी तेवढ्यासाठीही पर्स घेऊन बसायच्या.

एकदा डिकी म्हणाला, "अरे, सगळे सांगताहेत की इलेक्ट्रिक पंप लावून टाक. हिला घेऊन एकदा जाऊन तरी येतो."

आणि कपाटात पंप असताना मिस्त्री म्हणाला, "वेडा की काय तू? एवढी अस्सल गाडी, तिच्यात असलं काहीतरी घुसडणार? वाटोळं करशील. थांब जरा, मिळेल."

डिकीने ऐकलं. मिस्त्रीचा शब्द तो खाली पडू देत नसे.

मग वहिनी आजारी पडल्या. त्या आठवड्यात मिस्त्रीने पंप खरंच बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. आज दिला तर डिकी विचारणार, कुठे मिळाला, कधी मिळाला. काय सांगायचं? आज नको, जरा बरं वाटू दे त्यांना, मग देऊ. वहिनींना बरं वाटलं नाही. डिकीने रडत फोन केला तेव्हा मिस्त्री "अरेरे, अरेरे" एवढंच म्हणत राहिला, आणि पंप परत स्वेटरमध्ये गेला. त्यानंतर तो खण उघडायचंच त्याने सोडून दिलं.

फोन मात्र चालू राहिले. उलट लांबले. मिस्त्रीला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं, आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज वाटायची.

अशाच एका रविवारी डिकी म्हणाला, "मिस्त्री, आता शोधू नकोस. मुलाकडे राहायला चाललोय. गाडी तोडून विकतो. तुला काय हवं ते आधी काढून घे."

तोडून विकतो. चांगली धडधाकट गाडी, नुसती एका पंपापायी सुटी होऊन दहा घरी जाणार. "थांब," तो म्हणाला, "मिळालाय. परवाच मिळाला. मी घेऊन येतो."

पण लखलखीत पंप भंगारातून परवा मिळाला, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. म्हणून मळका पार्ट ज्याला घरात चालत नसे त्या माणसाने त्या दिवशी जळकं ऑइल आणि अंगणातली माती कालवली आणि स्वतःच्या हातांनी पंपाला फासली. वर्तमानपत्रात बांधला आणि सकाळची पहिली बस पकडली.

डिकी वाळून अर्धा झाला होता. त्याने मिस्त्रीला मिठी मारली, चहा टाकला, तो गॅसवर तसाच सोडून पुडकं घेऊन गॅरेजमध्ये गेला. तारांबळ ऐकायला मिस्त्री किती वर्षं थांबला होता, ती आता समोर होती. डिकीने रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पंप पुसायला घेतला. माती सहज निघाली. फारच सहज. शाफ्ट फिरवला, तो लोण्यासारखा फिरला.

डिकीचा हात थांबला. शाफ्टच्या शेजारी पंचाने मारलेले तीन ठिपके होते. लेथवाले काका आपल्या प्रत्येक कामावर मारायचे तसे. डिकीच्या ब्रेक ड्रमवर होते, मिस्त्रीच्या सगळ्या कामांवर होते. मिस्त्रीला ते इतके सवयीचे की माती फासतानाही दिसले नव्हते.

"काका हिच्या आधी गेले," डिकी म्हणाला. "हिनेच मला त्यांच्या घरी पाठवलं होतं भेटायला."

मिस्त्रीला खोटं सुचलं नाही असं नाही. दुसऱ्याच कुणीतरी काकांकडून करून घेतला असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"ती होती तेव्हा तुझ्याकडे होता?"

"हो."

"मी इलेक्ट्रिक लावतो म्हणालो तेव्हा?"

"हो."

डिकी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, आत जाऊन गॅस बंद करून आला आणि म्हणाला, "बसवून टाकू. एकट्याने होणार नाही मला."

दोघांनी पंप बसवला. एकाने धरायचा, दुसऱ्याने बोल्ट आवळायचे. पाना, गॅस्केट, पाणी, याशिवाय दुसरा शब्द झाला नाही. इंजिन चालू केलं आणि दोघेही तापमानाच्या काट्याकडे बघत उभे राहिले. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. इतकी सुरेख चालणारी गाडी मिस्त्रीने बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती, आणि त्याला ती नकोशी झाली.

"तोडणार नाहीस ना आता?" त्याने विचारलं.

"नाही. चल, स्टँडवर सोडतो तुला."

मिस्त्रीने पुढचं दार उघडलं.

"पुढे नको," डिकी म्हणाला. "मागे बस."

मिस्त्री मागे बसला. डिकीने स्टिअरिंगवर हात ठेवले. "ही गाडी मी चालवणारच नव्हतो," तो म्हणाला. "ती चालवणार होती. मी शेजारी बसणार होतो."

गल्लीचं टोक आलं आणि गेलं. बाजार गेला, पूल गेला, काटा हलला नाही. स्टँडवर मिस्त्री उतरला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. माफी मागायची होती, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून फोनचीच गोष्ट बाहेर पडली. पंप दिला की तू फोन करणं सोडशील असं वाटलं रे, असं काहीतरी तो पुटपुटला.

डिकीने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"फोनच हवा होता ना तुला," तो म्हणाला, "मग सांगायचंस तसं. मी रोज केला असता. तिनेही केला असता."

मिस्त्रीने मान हलवली. डिकीने गाडी वळवली आणि घराकडे न जाता डोंगराच्या रस्त्याला घातली. मिस्त्रीची बस लागली होती, कंडक्टर गावाचं नाव घेऊन ओरडत होता. तो जाऊन खिडकीजवळच्या जागेवर बसला.