जनवाड्याच्या पुढं

माझ्या अंगात माज होता, दुसरं काय म्हणू? तीस वर्षं सरकारी बस चालवली. आमच्या बसमधले धोक्याचे दिवे कधी खरं बोललेच न्हाईत. आम्ही इंजनाच्या आवाजावर गाडी हाकायचो अन् लागलेल्या दिव्यावर चिकटपट्टी मारायचो. रिटायर झालो, पण सुंभ जळला तरी पीळ जातोय व्हय?

ज्योत्स्ना, माझी बायको. कॅन्सर तिच्या मणक्यात उतरला होता, बसता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर. ती म्हणाली, "एकदा बोधगया दाखवा, मग काय बी होऊ द्या." मी जुनी व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी केली. आमच्या हुलसूरहून निघालो, आधी सन्नतीचा स्तूप बघितला, मग बीदरवरून नागपूरची वाट धरली.

बीदर सोडलं अन् स्टिअरिंगपुढं ऑइलचा लाल दिवा लागला.

"अहो, कामून लागायलाय तो? दाखवा की कुणाला तरी," ती मागून म्हणाली.

"तू गप पड. मला शिकवायलीस व्हय?" असं म्हणून मी पट्टी मारली.

जनवाड्याच्या पुढं इंजन खडखडलं आणि जाम झालं.

गावातला मेकॅनिक शरणप्पा आला. त्यानं ऑइलची कांडी ओढून बघितली. कोरडी ठणठणीत.

"दिवा लागला नव्हता व्हय, अण्णा?"

मी दिव्यावरची पट्टी सोलून काढली.

"इंजन गेलं. दुसरं हैदराबादहून आणून बसवायला पंधरा दिवस."

तिला दुसऱ्या गाडीत आडवं न्यावं म्हणून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आता पलंगावरनं हलवलेलं सोसायचं न्हाई, तशीच घरी न्या. माझ्या हातानं मी तिची बोधगया घालवली होती.

शरणप्पानं व्हॅन दोरखंडानं आपल्या पिकअपला बांधली आणि हुलसूरकडं ओढायला लागला. मी नुसतं स्टिअरिंग धरून बसलो. चाकं हलली तशी ज्योत्स्नानं औषधाच्या गुंगीत डोळे उघडले.

"झाली दुरुस्त?"

"व्हय."

"बघा, मी उगीच बोलले. तुमाला गाडीतलं कळतंय." मग डोळे मिटून म्हणाली, "बोधगया आली की उठवा मला."

"उठवतो," म्हणालो.

हुलसूर येईस्तोवर तिला जाग येऊ नये, एवढंच मी मागत होतो.