द्राक्षाची पेंड

देवणीच्या किशनरावांचा बैल वानेऱ्या हंबरला की शिवेपलीकडं कर्नाटकातली तान्ही पोरं जागी व्हायची आणि कन्नडात रडायची. यावर शंका घेणाऱ्याला किशनराव चहा पाजत नसत. अंग पांढरंशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, आणि वशिंड असं, की त्यावर बसलेल्या कावळ्याला उदगीरचा किल्ला दिसावा.

पोरगा सुदर्शन नाशकाकडं वाइनच्या कारखान्यात राबून परतला आणि म्हणाला, सोयाबीन बास झालं. द्राक्षं लावू, वाइन इथंच काढू. ओळींतून छोटा ट्रॅक्टर फिरणार होता, बैलाला काम नव्हतं. किशनरावांनी सगळं रान देऊन टाकलं. अट एकच: वानेऱ्या बाजारात जायचा नाही, मरेपर्यंत दावणीलाच राहील. सुदर्शननं आईसमोर, चतुराबाईसमोर, शब्द दिला आणि पाळला.

बागेनं माल धरला. माघात पांढऱ्या द्राक्षांचा पहिला रस टाकीत गेला आणि यंत्रातून सालीबियांचा ओला चोथा बाहेर पडला. आबा, एवढा चोथा खड्ड्यात टाका, खत होईल, असं सांगून सुदर्शन टाकीकडं वळला.

किशनराव चोथ्याकडं बघत राहिले. घाण्यातली करडीची पेंड त्यांच्या बापानं कधी खड्ड्यात टाकली नव्हती, आज्यानंही नाही. तेल माणसाचं, पेंड बैलाची; हा कायदा निजामाच्याही आधीचा. आणि हा तर गोड होता, त्यांनी चाखून बघितला. ज्याचं रानात काम उरलं नाही, त्याला रानातला वाटा तरी मिळावा. सांजच्याला त्यांनी दोन टोपली वानेऱ्यापुढं ओतली. त्यानं रिकामी टोपलीही चाटली.

दुसऱ्या दिवशी वानेऱ्या डुलायला लागला. पाय तिरपे पडू लागले.

"मामा, बैल पिऊन आलाय जणू," शेजारचा पंढरी म्हणाला.

अर्धं गाव जमलं. किशनरावही रंगात आले. मालकाच्या आधी यानंच चव घेतली, आता अस्सल कन्नडात बोलतो का न्हाई बघा, म्हणाले. माणसं पोट धरून हसली. वानेऱ्या करकरा दात खात होता, तर त्याचंही हसू झालं. दुपार अशी मजेत गेली.

मग चतुराबाईनं येऊन त्याच्या पोटाला हात लावला.

"अवो, हसू नका. पोट दगडावानी लागून राहिलंय."

गुरांच्या डॉक्टरनं सोडा पाजला, नळी घातली. एवढं गोड एकदम पोटात गेलं की आत आंबतं, म्हणाला. जरा लवकर बोलावलं असतं तर, एवढं बोलून पिशवी आवरू लागला. दिवस बुडायच्या आत वानेऱ्यानं मान टाकली.

घरचा बैल आपल्याच रानात पुरायचा असतो, आणि रान तर सगळं द्राक्षाचं. सुदर्शन कुणाला न विचारता बागेत गेला, तोडणी राहिलेल्या मधल्या ओळीच्या तारा सोडल्या आणि घडांनी लगडलेले वेल मुळापासून उपटू लागला. किशनरावांनी वानेऱ्याच्या नाकातली वेसण कापून काढली. ती घेऊन ते बांधावर बसले.

"आबा, चोथा का टाकायचा ते मी सांगायला पायजे होतं."

"तू सांगितलं होतंस. टाका म्हणलास." किशनराव बराच वेळ वेसणीवरनं अंगठा फिरवत राहिले. "मलाच टाकवंना."

सुदर्शन खणत राहिला. खड्डा छातीएवढा झाल्यावर तो वर यायला निघाला, तर किशनरावांनी त्याला थांबवलं.

"अजून थोडा लांब काढ. त्याला पाय पसरून निजायची सवय हाय."